चोरकप्प्यांचे लाकडी कोडे-कपाट: सुरुवात कुठून करावी आणि काम अडते कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. साधी टेबले, शेल्फ आणि खणांची एक-दोन कपाटे बांधून झाली आहेत. आता सुमारे 900 मि.मी. उंच, 600 मि.मी. रुंद आणि 350 मि.मी. खोल असे एक कपाट बांधायचे आहे. त्यात सहा-सात चोरकप्पे असावेत, आणि एक उघडल्याशिवाय पुढचा उघडू नये, अशी इच्छा आहे. लाकूड कोणते घ्यावे, कळी (म्हणजे कप्पा अडवून धरणाऱ्या आणि सोडणाऱ्या यंत्रणा) कोणत्या प्रकारच्या कराव्यात, सांधे कसे लपवावेत आणि सुरुवात कुठून करावी?

माझे उत्तर शेवटच्या प्रश्नापासून सुरू होते, कारण बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. बहुतेक जण एखादी सुंदर कळ पाहतात, ती मनात भरते आणि तिच्याभोवती कपाट रचायला घेतात. मीही सुरुवातीची काही वर्षे तसेच केले. आता पहिला प्रश्न मी वेगळा विचारतो: हा कप्पा भर दमट हवेत, बांधून चार वर्षे झाल्यावर, आत एखादी खिट्टी अडकली असतानाही उघडता येईल का? या प्रश्नाचे उत्तर कागदावर देता येत नसेल, तर ती कळ कितीही देखणी असली तरी मी ती कपाटात बसवत नाही. कपाट लपवाछपवीत थोडे कमी पडले तरी लोक ते आवडीने हाताळतात. पण न उघडणारा चोरकप्पा म्हणजे लाकडाचा बंद ठोकळा, त्याचे पुढे काहीच होत नाही.

हा आग्रह अनुभवातून आला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कपाटात आडवा सरकणारा अडसर बसवला होता. 280 मि.मी. रुंदीची अखंड लाकडी पडदी होती. तिची मागची कडा चौकटीला सरसाने पक्की केलेली, पुढची कडा खोबणीत मोकळी, आणि अडसराचे भोक नेमके त्या मोकळ्या कडेजवळ. कोरड्या दिवसांत काम झाले तेव्हा अडसर बोटाच्या एका धक्क्याने सरकत असे. दमट हवा आल्यावर पडदी फुगली, मोकळी कडा जवळजवळ 2 मि.मी. पुढे सरकली, तिच्याबरोबर भोकही सरकले आणि अडसर दोन भोकांच्या कात्रीत असा घट्ट धरला गेला की तो मागेही जाईना आणि पुढेही येईना. पाठची फळी मी चिकटवून टाकली होती. शेवटी चांगल्या पॉलिश केलेल्या पाठीला करवतीने खिडकी पाडून हात आत घालावा लागला. त्या दिवसापासून माझ्या एकाही कोडे-कपाटाची पाठ चिकटवलेली नाही. ती स्क्रूवर असते.

म्हणून लाकडाचा विचार येथूनच करू. लाकूड रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ हलत नाही. रेषांना आडवे, म्हणजे रुंदीत, ते हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगते आणि आकसते. हवेतली सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडात साधारण 9 टक्के पाणी राहते. ती बराच काळ 80 टक्के राहिली तर हा आकडा 16 टक्क्यांच्या आसपास जाऊ पाहतो. फर्निचर इतक्या टोकाला क्वचित पोहोचते, पण 4 टक्क्यांचा फरक गृहीत धरणे मला शहाणपणाचे वाटते. त्या फरकाने सागवानाची 300 मि.मी. रुंदीची साधी चिरलेली फळी सुमारे 2.2 मि.मी. हलते. तीच फळी ओंडक्याच्या गाभ्याकडून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेने चिरलेली असेल, तर सुमारे 1.2 मि.मी. हलते. बीच या झाडाच्या लाकडाची साधी चिरलेली फळी मात्र 5 मि.मी.पेक्षाही जास्त हलते. कळीमध्ये आपण अर्ध्या-अर्ध्या मिलीमीटरचा हिशेब करत असतो, त्यामुळे 5 मि.मी. म्हणजे सगळा हिशेब कोलमडणे होय.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली लाकडाच्या निवडीची. सागवान किंवा महोगनीसारखे कमी हलणारे लाकूड, तेही शक्यतो त्रिज्येत चिरलेले, दर्शनी भागाला घ्यावे. सागवानात सिलिका असल्याने रंध्याचे पाते आणि पटाशी लवकर बोथट होतात. शिवाय त्यात नैसर्गिक तेल असल्याने सांधा चिकटवण्याआधी पृष्ठभाग ताजा रंधून, द्रावकाने (तेल विरघळवणाऱ्या द्रवाने) पुसून लगेच सरस लावावा लागतो. ओक वापरायचे असेल तर लोखंडी स्क्रू आणि खिळे टाळावेत. ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंडाभोवती काळे डाग पडतात, तिथे पितळ किंवा स्टेनलेस स्टीलच हवे. आणि ज्या चौकटीत कळी बसणार आहेत ती आतली चौकट मी चांगल्या प्रतीच्या बर्च प्लायवूडची करतो. काहींना अस्सल लाकडाच्या कपाटात प्लायवूड खपत नाही आणि त्यांची भावना मला समजते. पण जिथे भोकासमोर भोक वर्षानुवर्षे यायला हवे तिथे न हलणारा पदार्थच योग्य, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट आखणीची, आणि ती अधिक मोलाची आहे. कळीचे जे दोन भाग एकमेकांसमोर यायला हवेत, त्यांच्यामधले अंतर रेषांच्या लांबीत मोजले जाईल अशी रचना करा. खणाच्या दर्शनी फळीच्या रेषा आडव्या असतात, म्हणून तिची रुंदी बदलत नाही, उंची मात्र बदलते. त्यामुळे खणाच्या दोन्ही बाजूंना 0.3 ते 0.4 मि.मी. फट पुरते, पण वर मोकळी जागा जास्त लागते. 80 मि.मी. उंचीचा सागवानी खण वर दिलेल्या फरकाने सुमारे 0.6 मि.मी. वाढतो, कोरड्या दिवसांत काम करत असाल तर वर 1 मि.मी. सोडा. आणि रुंद पडदी वापरणे भागच असेल, तर तिची जी कडा कळीच्या जवळ आहे ती चौकटीला पक्की करा आणि लांबची कडा खोबणीत मोकळी सोडा. पडदी हलायची तेवढी हलेल, पण कळीपासून दूर हलेल. माझ्या त्या फसलेल्या कपाटात मी याच्या नेमके उलट केले होते.

आता कप्पे कुठे दडवायचे ते पाहू. चोरकप्प्याचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे मोजपट्टी. कपाटाची बाहेरची खोली 350 मि.मी. असेल, पाठ 9 आणि दर्शनी फळी 20 मि.मी. असेल, तर आत 321 मि.मी. उरतात, आणि खण बाहेर काढल्यावर तो 240 मि.मी.चा निघाला, तर पाहणाऱ्याला 80 मि.मी.चा हिशेब लागत नाही आणि तो पाठीकडे हात घालतो. जुन्या लिहिण्याच्या मेजांत खण आखूड करून त्यामागे कप्पा ठेवण्याची पद्धत सरसकट होती, म्हणून जाणकार सर्वात आधी तिथेच पाहतो. यावर माझा उपाय असा आहे की खण पूर्ण बाहेर येऊच द्यायचा नाही. तो शेवटचे 90 मि.मी. आत असताना थांबतो, त्यामुळे त्याची खरी लांबी कुणाला दिसत नाही, आणि तो थांबा सुटणे हीच कोड्याची एक पायरी होते. एकाच रचनेतून कप्पा लपतो आणि कोडेही पुढे सरकते, म्हणून मला ती विशेष आवडते.

त्याखेरीज जागा पुष्कळ असतात. कपाटाचा पाया साधारण 70 ते 80 मि.मी. उंच असतो आणि तो पोकळ असेल असे कुणाला वाटत नाही. त्यात एक पसरट खण सहज बसतो. माथ्यावरची नक्षीपट्टी सबंध पुढे सरकणारा खण होऊ शकते. दोन खणांच्या ओळींमध्ये उभा खांब असेल, तर 60 मि.मी. रुंदीच्या त्या खांबामागे कागद किंवा पत्रे ठेवण्याइतकी उभी पेटी मावते. खांबाच्या रेषा उभ्या असल्याने त्याच्या उंचीत फरक पडत नाही, म्हणून तिथली कळ वर्षानुवर्षे बिनचूक चालते. खणाला दुहेरी तळ करायचा असेल तर लोभ आवरावा. हात खणात घातला की बोटांना खोलीचा अंदाज येतो, आणि माझा अनुभव असा की 12 ते 15 मि.मी.पर्यंतची चोरी पचते, त्यापुढे हात थबकतो. एका जागी 60 मि.मी. चोरण्यापेक्षा चार-पाच जागी थोडे थोडे चोरावे.

सांधे लपवण्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. फट जितकी बारीक तितकी ती कमी दिसते हे खरे, पण केसाएवढी फट ठेवली की दमट हवेत तो भाग घट्ट बसतो, आणि कोरड्या हवेत ती फट अधिकच उठून दिसते, कारण आजूबाजूला दुसरी कुठलीच रेघ नसते. खरा उपाय म्हणजे त्या फटीला सोबती देणे. दर्शनी भागावर ठरावीक अंतराने 2 मि.मी.च्या इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा मारा. अकरा खाचांपैकी एकच खरी फट असेल तर ती शोधायला डोळ्यांना काहीच धागा मिळत नाही. जपानमधल्या हाकोने भागातल्या कोडे-पेट्या याच तत्त्वावर उभ्या आहेत. त्यांच्यावर योसेगी नावाचे रंगीत लाकडांचे भौमितिक नक्षीकाम असते, आणि पेटीच्या सरकत्या बाजूंच्या फटी त्या नक्षीच्या रेघांत मिसळून जातात. त्या पेट्यांच्या बाजू एका वेळी काही मिलीमीटरच सरकतात, आणि पेटी उघडायला चार हालचालींपासून कित्येक डझन हालचालींपर्यंत काहीही लागू शकते. पण तिथले कौशल्य हालचालींच्या संख्येपेक्षा या रेघांच्या मिसळण्यात जास्त आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

खणांच्या दर्शनी फळ्या एकाच फळीतून काढा. फळी रंधून झाली की तिच्या तोंडावर पेन्सिलीने एक मोठा त्रिकोण काढावा, म्हणजे कापल्यावर कोणता तुकडा कुठला आणि त्याची वरची बाजू कोणती हे कायम कळत राहते. इथे एक बारकावा आहे. उभ्या ओळीतले खण कापताना करवतीच्या प्रत्येक कापात एक-दोन मिलीमीटर लाकूड जाते. रेषा सरळ असतील तर हे नुकसान दिसत नाही; पण फळीवर कमानीसारखी नक्षी असेल तर कमान कापापाशी तुटते आणि नजर नेमकी तिथेच जाते. म्हणून उभ्या ओळीसाठी सरळ रेषांची फळी घ्यावी आणि कमानीची देखणी फळी दरवाज्याच्या अखंड पॅनेलसाठी राखून ठेवावी.

कळींकडे येऊ. मी ज्या कळी पुन्हा पुन्हा वापरतो त्या फार नाहीत आणि त्यातली एकही नवी नाही.

पहिली लाकडाच्या जिभेची. खणाच्या तळाला सरळ रेषांच्या लाकडाची सुमारे 120 मि.मी. लांब आणि 3 मि.मी. जाड पट्टी एका टोकाला पक्की करायची; तिचे दुसरे टोक खालच्या दांडीमागे अडकते आणि खण पुढे येऊ देत नाही. खालच्या कप्प्यातून वर हात घालून बोटाने ती जीभ दाबली की खण सुटतो. ही कळ शेकडो वर्षांची आहे, तिला धातू लागत नाही आणि ती गंजत नाही. तिच्यात एकच मेख आहे: लाकूड सतत वाकवून ठेवले तर ते त्या वाकातच बसते आणि त्याचा ताण जातो. म्हणून खण बंद असताना जीभ पूर्ण सैल, सरळ असली पाहिजे; ती वाकावी फक्त खण आत जाताना आणि बाहेर येताना. वर्षभराने जीभ अडकत नाही अशी तक्रार जिथे जिथे मी पाहिली, तिथे बहुतेक वेळा हेच कारण निघाले.

दुसरी खिट्टीची, म्हणजे स्वतःच्या वजनाने खाली पडून खण अडवणाऱ्या पिनची. येथे नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे लाकडात सरळ भोक पाडून त्यात पिन सोडणे. रेषांना समांतर नसलेले भोक दमटपणाने गोल राहत नाही, किंचित लंबगोल होते. पिन एका बाजूला रेलते, भोकात लाकडाची भुकटी साठते आणि एके दिवशी पिन वरच राहते किंवा खालीच अडकते. मी 6 मि.मी.ची गुळगुळीत स्टीलची पिन घेतो, तिची दोन्ही टोके कानशीने किंचित गोल करतो आणि पॉलिश पेपरने घासून चकचकीत करतो. भोकात 6.5 मि.मी. आतल्या व्यासाची पितळी नळी इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या पक्क्या सरसाने) बसवतो. पिन सुटलेल्या स्थितीतही तिच्या व्यासाच्या निदान दुप्पट लांबी नळीत राहील हे पाहतो, नाहीतर ती तिरकी होऊन अडते. तळाला नमद्याची (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची) छोटी चकती ठेवतो, कारण पिन पडताना होणारा टक् असा आवाज सगळे गुपित सांगून टाकतो.

ही पिन सोडवायची कशी? पेटी असती तर कलती करून सोडवता आली असती. पण उभे कपाट कलते करायला लावणारे कोडे कधीही करू नका. तेवढ्या वजनाचे कपाट हाताळताना माणसाच्या अंगावर येऊ शकते. कलते करण्याची कळ फक्त पूर्ण बाहेर निघणाऱ्या खणात किंवा सुट्या पेटीत ठेवावी. कपाटात पिन उचलायला चुंबक बरा. तो एखाद्या मुठीत किंवा नक्षीच्या फुलात लपवलेला असतो, ते फूल आधीच्या कप्प्यातून हाती येते आणि योग्य जागी ठेवले की पिन वर ओढली जाते.

इथे मी तुम्हाला अंतराचा हिशेब जवळून दाखवतो, कारण चुंबकाच्या बहुतेक कळी याच ठिकाणी फसतात. समजा पिनच्या वर 3 मि.मी. जाडीची लाकडी चकती झाकण म्हणून आहे आणि खण सुटण्यासाठी पिन 8 मि.मी. वर यायला हवी. म्हणजे सुरुवातीला चुंबक आणि पिन यांत 11 मि.मी. अंतर आहे. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते, त्यामुळे टेबलावर चिकटवून पाहताना हाताने सुटू नये असा वाटणारा चुंबक 11 मि.मी.वरून ती पिन हलवतही नाही. यावर दोन उपाय आहेत. अडकण्याची खोली 8 ऐवजी 4 मि.मी. करा, खण अडवायला तेवढी पुष्कळ होते. आणि पिनच्या माथ्यावर दुसरा छोटा चुंबक बसवा, म्हणजे दोन चुंबक एकमेकांना अधिक लांबून ओढतात. मात्र ध्रुव जुळले पाहिजेत. बसवण्याआधी प्रत्येक चुंबकाच्या एकाच बाजूला ठळक खूण करून ठेवा. इपॉक्सी वाळल्यावर ध्रुव उलटा निघाला तर तो चुंबक फोडूनच काढावा लागतो. साधे निओडिमियम चुंबक सुमारे 80 अंश सेल्सियसच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतात आणि ते ठिसूळही असतात, म्हणून त्यांच्यावर हातोडी किंवा गरम हवेचा मारा नको. घरात लहान मुले असतील तर सुटा चुंबक मुठीतून निघणार नाही असा लाकडात पूर्ण बंद करावा. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना ओढून गंभीर इजा करतात. ही भीती अवास्तव नाही.

तिसरी कळ अडसराची: एक खण ठरावीक अंतर बाहेर ओढला की त्यामागची पट्टी सरकते आणि दुसऱ्या खणाची वाट मोकळी होते. ही सर्वात भरवशाची, कारण तिला गुरुत्व, ताण, चुंबक यांपैकी काहीही लागत नाही. ठरावीक अंतरावर जाणवेल अशी बारीकशी खाच ठेवा, म्हणजे बोटांना एक हलका थांबा लागतो. हाच उघडणाऱ्याला मिळालेला इशारा.

जर्मनीतल्या नॉयव्हीड येथील आब्राहाम आणि डाव्हिड रोएन्टगेन या पिता-पुत्रांच्या कार्यशाळेने 18व्या शतकात अशा कळी इतक्या उंचीला नेल्या की एका किल्लीच्या फेऱ्यात कितीतरी खण आणि फळ्या आपोआप पुढे येत. पुढे प्रशियाचा राजा झालेला दुसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्यासाठी 1779च्या सुमारास बांधलेले त्यांचे प्रचंड कपाट आजही बर्लिनच्या संग्रहालयात आहे. ते पाहून हुरूप येतो, येऊही द्यावा. पण त्यामागे सुतार, घड्याळजी आणि धातुकाम करणारे कारागीर अशी अनेकांची एकत्र मेहनत होती. पहिल्या कपाटात स्प्रिंगने आपोआप उघडणारे काही करू नका. हाताने सरकणारे, हाताने दाबले जाणारे भागच घ्या.

आता क्रम. कप्पे एकमेकांवर कसे अवलंबून आहेत याचा नकाशा करवत हाती घेण्यापूर्वी कागदावर काढा. कोणता कप्पा उघडल्याने कोणती कळ सुटते, हे बाणांनी दाखवा. बाण फिरून जर आपल्याच मुळाशी येत असेल, म्हणजे अ उघडायला ब मधली वस्तू हवी आणि ब उघडायला अ, तर ते कपाट कधीच उघडणार नाही. ही चूक डोळ्यांना लगेच दिसते. न दिसणारी चूक बंद करताना होते. लोक कपाट उघडतात त्या क्रमाच्या उलट क्रमाने बंद करत नाहीत. चुंबकाचे फूल तिसऱ्या कप्प्यात टाकून तो ढकलून देतात, आणि तो कप्पा उघडायला तेच फूल लागते. म्हणून प्रत्येक कळ उघडी किंवा बंद, अशा सगळ्या स्थितींची यादी करा. पाच कळी असतील तर 32 स्थिती होतात. प्रत्येक स्थितीतून सुटकेचा मार्ग आहे का, हे बोट ठेवून तपासायला एक संध्याकाळ जाते, आणि ती संध्याकाळ मी कधीही वाचवत नाही. सहा-सात कप्प्यांना चार-पाच कळी भरपूर होतात. एका कळीने दोन कप्पे मोकळे झाले तरी कोड्याची गोडी कमी होत नाही.

यानंतर पुठ्ठा आणि स्वस्त प्लायवूड यांचा खऱ्या मापाचा नमुना करा, निदान कळी असलेल्या भागाचा तरी. तो दोन-तीन जणांच्या हाती द्या आणि तुम्ही गप्प बसून फक्त त्यांचे हात पाहा. ते कुठे आधी दाबतात, कुठे नख घालतात, कुठे जोर करतात, हे सगळे टिपून ठेवा. जिथे जोर केल्यावर काहीतरी हलल्यासारखे वाटते ती जागा बदलली पाहिजे, कारण जोराला फळ मिळते असे एकदा वाटले की पुढची प्रत्येक फळी माणूस जोराने ओढतो आणि कपाट मोडते. बंद भाग पूर्ण घट्ट आणि मुका असावा, सुटलेला भाग लोण्यासारखा सरकावा. या दोन्हींच्या मधले काही नको. दाबायच्या जागा निवडताना हेही लक्षात घ्या की बोटांच्या तेलाने काही महिन्यांत लाकूड तिथे काळवंडते. जिथे हात एरवीही पडतो, म्हणजे खणाच्या कडेवर किंवा माथ्याच्या पट्टीखाली, तिथे ती जागा असावी.

आवाजाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. पोकळ भागावर टिचकी मारली की तो बोलतो. कप्प्याच्या आतल्या बाजूला 2-3 मि.मी. जाडीचा नमदा किंवा कॉर्क लावला की आवाज भरीव होतो. खण फार नेटके बसले की आणखी एक गोष्ट घडते: एक खण आत ढकलला की आतली हवा दाबली जाऊन दुसरा खण किंवा चक्क चोरकप्पाच पुढे सरकतो. कामाच्या नेटकेपणाची ती पावती आहे, पण त्याने गुपित फुटते. आतल्या पडद्यांना 10 मि.मी.ची दोन-तीन भोके ठेवली की हवा निघून जाते.

पॉलिशबद्दल एवढेच, की सरकत्या पृष्ठभागांवर कोणतेही पॉलिश नको, फक्त मेण घासावे. बंद कप्प्यात तेलाचे पॉलिश महिनोन्‌महिने चिकट राहते आणि वास धरते. आत चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात पुरेसा आहे. पॅनेलच्या दोन्ही बाजूंना सारखेच पॉलिश लावा, नाहीतर एका बाजूने ओल जास्त शिरून ते पन्हळीसारखे वाकते.

शेवटचे काम सुटकेच्या वाटेचे. प्रत्येक कळीच्या नेमके मागे पाठच्या फळीला 4 मि.मी.चे एक भोक ठेवा. त्यातून तार घालून पिन उचलता यावी किंवा अडसर ढकलता यावा, आणि एरवी त्यात लाकडी गुडदी बसलेली असावी. पाठ लावण्यापूर्वी आतल्या रचनेची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या. मापांसह एक नकाशा काढून त्यावर भोकांच्या जागा आणि कळींचा क्रम लिहा, आणि तो कपाटात न ठेवता कपाट ज्याच्या हाती जाणार आहे त्याच्या कागदपत्रांत ठेवा. कपाट 900 मि.मी. उंच आणि 350 मि.मी. खोल असल्याने वरचे खण एकदम बाहेर आले तर ते पुढे झुकू शकते, म्हणून भिंतीला दोन पट्ट्यांनी बांधून घ्यावे; मात्र त्या पट्ट्या अशा जागी असाव्यात की त्या सोडल्या की पाठीचे सगळे स्क्रू हाताशी येतील. मग ते स्क्रू आवळा, दोन आठवडे कपाट वापरा, पुन्हा एकदा पाठ काढून प्रत्येक खिट्टीभोवती भुकटी साठली आहे का, कुठे घासल्याची चकाकी दिसते का ते पाहा, आणि त्यानंतरच गुडद्या बसवा.